जाणकार: एक

अकरा वर्षांत रंगनाथ देवधरांनी आपलं फ्रेमवर्क कुणाला शिकवलं नव्हतं आणि याचा त्यांना अभिमानच होता. ते नोकरीला होते ती वाघोलीतली कंपनी वजनकाट्यांसाठी स्वतःची ऑपरेटिंग सिस्टिम बनवायची. काटा बंद पडताना तो का पडला हे पडद्यावर लिहून जाणारा भाग म्हणजे कन्सोल ड्रायव्हर, आणि तो रंगनाथांनी एकट्याने लिहिलेल्या फ्रेमवर्कवर, म्हणजे प्रोग्रॅमच्या तयार सांगाड्यावर, उभा होता. मार्केट यार्डात काटा अडला की फोन त्यांनाच यायचा. माणूस त्या फोनवरच जगत होता म्हणा ना.

आता ड्रायव्हर नव्याने लिहायचा होता. रंगनाथांचं फ्रेमवर्क ठेवायचं, की बाहेर फुकट मिळणारं घ्यायचं? कंपनीचे प्रमुख दत्तप्रसाद साखर पेरत म्हणाले, "तुलना आपणच करा, रंगनाथराव. आपल्याइतका निःपक्षपाती माणूस कुठे मिळायचा?"

जुनं गेलं की आपणही गेलो, हे रंगनाथांना पक्कं ठाऊक होतं. तरी त्यांनी लबाडी केली नाही. दोन्हींवर शंभर-शंभर वेळा यंत्र मुद्दाम बंद पाडलं. जुन्याने शंभरच्या शंभर वेळा कारणाची शेवटची ओळ लिहिली, नव्याने एक्याण्णव वेळा. मग तक्त्याच्या तळाशी त्यांनी ऐटीत आणखी एक रकाना भरला. जाणकार माणसं: जुन्याची, एक. आपल्याच पायावर धोंडा पाडून घ्यायला एवढी ऐट पुरते.

मीटिंगमध्ये दत्तप्रसादांनी त्या शंभराकडे ढुंकूनही पाहिलं नाही. 'एक'वर बोट ठेवून म्हणाले, "उद्या आपल्याला काही झालं, तर?"

"पूर्णिमा शिकेल की," रंगनाथ घाईने म्हणाले. वर्ध्याहून आलेली ही मुलगी चार वर्षं त्यांच्या हाताखाली होती.

"मी दोनदा विचारलं होतं," पूर्णिमा शांतपणे म्हणाली. "सर म्हणाले, बाई, आधी मंडईत जाऊन वांगी निवडायला शिका."

खोलीत हशा पिकला. तेव्हाही पिकला होता, पण तेव्हा सगळे तिला हसले होते. रंगनाथांचे कान तापले.

नवं ठरलं. जुनं उपटून काढायचं काम रंगनाथांनाच दिलं, तीन आठवड्यांच्या मुदतीने आणि पूर्णिमाच्या देखरेखीखाली. त्यानंतर त्यांना निरोप.

शेवटच्या दिवशी एकच ओळ उरली. यंत्र सुरू होताना ती क्षणभर चमकायची: 'रंगनाथ देवधर, पुणे'. त्यांचा हात थांबला. उभ्या जन्मात त्यांनी हाताखालच्या माणसाकडे काही मागितलं नव्हतं.

"ही एवढी राहू दे का? कुणाला आडवी येत नाही ती."

पूर्णिमाने ओळ वाचली. तिलाही वाईट वाटलं असेल, पण तिने ते दिसू दिलं नाही.

"पुसायला तर हवी, सर. आणि मला कुठे येतं त्यातलं? आपणच पुसा. जाणकार एकच आहे."

रंगनाथांनी ओळ पुसली आणि काटा सुरू करून पाहिला. तो व्यवस्थित चालत होता.