शेळीची साक्ष

बोटभर खुंट, वरून तिरपा कुरतडलेला, टोकाशी अजून ओलसर – कडुबा गुरुजी उकिडवे बसून त्याच्याकडे बघत होते, आणि तेहतीस वर्षं नववीच्या फळ्यावर काढलेली खोडाची आकृती, नावं लिहायच्या रेघांसकट, त्यांच्या डोक्यात उगाचच उमटत होती...

गेल्या रविवारी हे झाड गुडघ्याला लागत होतं. निवृत्त झाल्यावर कन्नडजवळच्या आपल्या दोन एकरांत त्यांनी सीताफळाच्या चाळीस बिया स्वतःच्या हाताने टोचल्या. जगलं ते हे एकच. त्याचा फोटो दर रविवारी नातेवाइकांच्या ग्रुपवर जाई. बायकोला, दीपमालाबाईंना, जमीन विकायची होती. "तीन वर्षं थांब, घरचं सीताफळ खाशील," असं गुरुजींनी त्यांना शहरातल्या गारखेड्याच्या घरी सांगितलं होतं – शेजाऱ्यांनाही ऐकू जाईल अशा बेताने.

बांधावरून शेळ्या हाकत बानाबाई आली.

"बानाबाई, तुझ्या शेळीनं माझं सीताफळ खाल्लं!"

"नाय खाल्लं."

"मग हे काय?"

बानाबाईने खाली पडलेलं एक पान उचललं, उलटसुलट केलं. "गुरुजी, सीताफळाच्या पाल्याला शेरडू तोंड लावत नाय. ही भोकर व्हती. पाखरानं टाकली आसंल."

पाखरानं... म्हणजे पाच महिने कॅनने पाणी आणून घातलं, ऊन लागू नये म्हणून छत्री बांधली, आणि – हे दीपमालालाही ठाऊक नव्हतं – आता आपल्याला कुणी काही विचारत नाही, हे ज्याला हळूच सांगितलं, ते 'ते' नव्हतंच, 'ती' होती. परक्या बाईपाशी मन मोकळं केल्यासारखे त्यांचे कान तापले.

"मग माझी सीताफळं कुठं गेली?"

"त्यो ढीग कसला?"

"तण आहे. दर रविवारी काढतो मी."

बानाबाईने ढिगातून एक सुकलेलं रोप ओढलं, पान चुरगाळून त्यांच्या नाकाशी धरलं. उग्र, ओळखीचा वास. तिने आणखी एक ओढलं, मग आणखी एक.

"लई साफ उपटलीत पर," ती म्हणाली. चेष्टा नव्हती त्यात. कामाची कदर होती, आणि तीच जास्त झोंबली.

रत्नमाला नावाच्या एका मुलीने एकदा रानातलं पान वर्गात आणलं होतं – सर, हे कशाचं? – आणि आपण चष्मा सावरत म्हणालो होतो, अभ्यासक्रमात नाही. किती झटकन म्हणालो होतो... आणि ते ग्रुपवरचे सव्वीस अंगठे? सगळी शेतकऱ्यांचीच पोरं! भाऊ तर दर वेळी लिहितो, 'सीताफळ जोरात आहे.' म्हणजे त्यालाही ओळखू आलं नाही... रडू येतंय असं वाटून गुरुजींनी ते दाबायला पाहिलं. पण ते हसू होतं, आणि ते दाबलं जाईना.

खिशातला फोन वाजला.

"अहो, आज फोटो आला नाही. बरं आहे ना झाड?"

बानाबाई, भोकरीचं उरलेलं पान शेळीच्या तोंडात देत, त्यांच्याकडे बघत होती.

"थांब, सांगतो," गुरुजी म्हणाले. पुढचं वाक्य तयार नव्हतं. ते कुठून येतं याची वाट बघत ते बांधावर ऐसपैस बसले, आणि त्यांना कसलीच घाई वाटेना.