वांगी इलाला, मत कार्टरला

मोरेश्वरभावजींनी खुरपं आपटलं आणि मला म्हणाले, "शैलजाबाई, इलाच्या नावानं बोटं मोडू नका." मी काय ऐकून घेते? म्हटलं, तुमची लाडकी आपला मळा मोडून मोटारी लावायला डांबर ओतायला निघालीय, मग तिची काय आरती ओवाळू?

मळा म्हणजे अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅरीजवळच्या आमच्या गावातली कम्युनिटी गार्डन, माणशी चार वाफे. लाल चिकण माती, ऊन पडलं की विटेगत कडक. पाच वर्षं पालापाचोळा आणि शेणखत घालून भावजींनी ती मऊ केली. सत्तरीचा गडी, लेकाच्या घरात करमेना, तो इथं वांग्यात रमला. मागल्या साली सिटिझनही झाला.

इला गावच्या कौन्सिलवर. जन्म इथला, तरी गणपतीत वाकून पाया पडते, मोडक्या मराठीत "काका, भरीत कधी?" म्हणून विचारते. पोरीला नाव ठेवायला जागा नाही. सभेआधी तिच्या ठरावाला उघड आडवा गेलेला कौन्सिलवरचा एकटा कार्टर. मेला कधी हसायचा नाही, आणि भावजींच्या शेणखताचा वास येतो म्हणून तक्रारही त्यानंच केलेली.

सभेत मळ्याच्या बाजूनं बोलायचं भावजींनी. पण आदल्याच आठवड्यात पहिल्या तोड्याच्या वांग्यांचा वानवळा इलाकडं पोचलेला. जिथं वानवळा दिला त्या घराशी वाकडं बोलायचं नाही, हा त्यांच्या वडिलांपासूनचा नेम. दोन दिवस माणूस धड जेवला नाही. मला वाटलं, आता हा तोंड शिवून बसणार, गेला आपला मळा.

तरी माईकपुढं उभे राहिले. इंग्रजीत सांगायला लेक नकुल शेजारी.

"पोरी, तू गुणाची हायस. कवाबी जेवाय ये. पन तुझा ठराव नासका हाय. लेकीनं आणलं म्हनून किडकं वांगं कुनी भाजीत घालत न्हाई."

नकुल अडखळला, पण सगळं सांगितलं. इलाचा चेहरा उतरला. मलाही वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

मतं पडली, कार्टरच्या बाजूला आणखी काही जण वळले आणि एका मतानं मळा वाचला. भावजी कार्टरचे आभार मानायला गेले, तर तो म्हणतो, शेणखत तेवढं झाकून ठेवा. आणि मान न वळवता चालता झाला.

दुसऱ्या दिवशी भावजी कोवळी वांगी वेचून पाटीत भरत होते. मी विचारलं, कार्टरला का?

"त्या कारल्याला? त्याला नोव्हेंबरातल्या निवडणुकीत मत देईन की. वांगी माझ्या इलाची."