दोन सतरा

"ती माझी आई आहे. हात लावू नकोस," धाकटी सतरा म्हणाली आणि टेबलावरचा कागद तिनं तळहाताखाली दाबून धरला.

"तुझी कशी? सतरा नंबर आधी माझा होता," शेजारच्या खुर्चीतली थोरली सतरा उसळली. "तू माझेच फ्रॉक घालून मिरवायचीस."

"मिरवते कसली! दिले म्हणून घातले. मला काय हौस होती तुझे घामट फ्रॉक घालायची?"

"मावशी, जरा शांतपणे..." टेबलापलीकडचे तरुण फादर म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा!" दोघी एकदमच ओरडल्या. त्यावर मात्र त्यांचं एकमत होतं.

दोघी याच इमारतीत वाढल्या होत्या. तेव्हा इथे चर्चचं अनाथालय होतं. प्रत्येक मुलीच्या कॉलरवर लाल धाग्यानं नंबर शिवलेला असे. मुलगी वाढली की तिला मोठ्यांच्या खोलीत नवा नंबर, आणि तिचे जुने फ्रॉक नंबरासकट खालच्या पोरीला. नंबर उसवला तर धागा फुकट जातो, असं सिस्टर म्हणायच्या. धागा वाचला. मुलींची नावं मात्र कुणी जपली नाहीत. कागद नंबराच्या फाईलमध्ये जात राहिले, आणि सतरा नंबरच्या फाईलमध्ये दोन मुली एकमेकींत कालवल्या गेल्या.

अनाथालय कधीच बंद पडलं. केस पिकलेल्या पोरी वर्षानुवर्षं अर्ज करत राहिल्या, तेव्हा कुठे चर्चला पाझर फुटला. या, आपापले कागद बघा. शिवाय प्रत्येकीला एक माफीपत्र. माफी छापील होती, नावासाठी ठिपके सोडले होते. फादरनी पेन उघडून नाव विचारलं तेव्हा धाकटी म्हणाली होती, "सतरा लिहा. तेवढंच तर ठेवलंत."

धाकटी इस्पितळाच्या धोबीघरात चादरींच्या घड्या घालायची. हात रिकामे राहिले की तिचा जीव घाबरा होई. एका हातानं तिनं माफीपत्राची घडी घातली, मग तिची आणखी एक. दुसऱ्या तळव्याखाली तो कागद होता. त्यावर एवढंच लिहिलं होतं:

'सतरा नंबरची आई आली. मुलीला खोकला असल्याने भेट नाकारली. अंधार पडेपर्यंत फाटकाशी उभी होती.'

तारीख नाही.

तुला टाकून दिलंय, तुझ्यासाठी कुणी आलं नाही, हे तिला इथे जेवणाबरोबर वाढलं गेलं होतं. त्या न पाहिलेल्या बाईला तिनं जन्मभर शिव्या घातल्या. लेकीनं लहानपणी विचारलं, आजी कशी होती, तर म्हणाली, नव्हती. आता त्या शिव्या परत घ्यायच्या, तर फाटकाशी उभी राहिलेली बाई आपलीच असायला हवी होती.

"खोकला मला असायचा," ती म्हणाली.

"आणि आम्ही काय गात होतो? अख्खी खोली खोकायची गं." थोरली शाळेच्या वसतिगृहात स्वयंपाक करायची. लग्न नाही, मूल नाही. तिचा आवाज एकदम उतरला. "मी आपली म्हणायचे, बाईची वाट चुकली असेल. येईल विचारत विचारत."

"त्या काळी माणसं कमी होती," फादर म्हणाले. "तारीख राहून गेली असेल."

"मेणबत्त्यांच्या हिशेबात राहिली का तारीख?" धाकटीनं विचारलं.

फादरनी मागच्या कपाटातल्या हिशेबाच्या जुन्या वह्यांकडे पाहिलं. "नाही," ते हळूच म्हणाले. मग घाईघाईनं, "असं करू, दोघींना झेरॉक्स काढून देतो."

"आईची झेरॉक्स?" थोरली म्हणाली.

धाकटीला हसू फुटलं. मग थोरलीलाही. हसता हसता थोरलीला ठसका लागला आणि तो थांबेना. धाकटीनं तिच्या पाठीवर हात ठेवला, लगेच काढला, पुन्हा ठेवला. कागदावर आता कुणाचाच हात नव्हता.

ठसका थांबल्यावर धाकटी उठली. "आपल्या खोलीची खिडकी फाटकातून दिसते का गं?"

"नळाच्या वरची? कुणास ठाऊक. फाटकाबाहेर उभं राहून कोणी बघितलंय!"

"तू वर जा. मी बाहेर उभी राहते."

"गुडघे माझे गेलेत आणि जिने मीच चढू?"

"मोठी आहेस ना? मघापासून मोठेपण सांगतेयस. चढ."

थोरली पुटपुटत, कठडा धरून वर गेली. धाकटी बाहेर जाऊन फाटकाच्या गजांशी उभी राहिली. पाठीमागून स्कूटरवाले हॉर्न मारत होते. बराच वेळ काहीच झालं नाही. मग नळाच्या वरची खिडकी करकरत उघडली.

दिसत होती. नीट समोर दिसत होती.

पण एवढ्या लांबून चेहरा कळत नव्हता. मूल कुणाचं, हे इथून कुठल्याच बाईला सांगता आलं नसतं. थोरलीनं हात हलवला नाही. खिडकीतून हात हलवला की छडी बसायची. ती शिकवल्यासारखी हात बाजूला सोडून ताठ उभी होती.

धाकटीनं गजांतून हात आत घातला आणि उंच केला.

"कुणाला भेटायचंय, बाई?" नुकत्याच पाळीवर आलेल्या रखवालदारानं आतून विचारलं. "कोण आहे वर?"

"मुलगी," ती म्हणाली.

रखवालदारानं वर खिडकीतल्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं, मग हिच्याकडे. आणि फाटक उघडायला आला.