शाळेच्या ओट्यावरचे पाळणे

कापसाची बोंडं फुटली की निमखेड्याच्या शाळेतल्या पोरी कमी व्हायच्या. एरंडोल तालुक्यातल्या त्या एकशिक्षकी शाळेवर लिलाबाई तायडे सत्त्याऐंशी साली रुजू झाल्या. दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली तेव्हा चौथीच्या रांगेत एकही मुलगी नव्हती.

शाळा सुटल्यावर बाई शेतांकडे निघाल्या. पहिल्याच बांधावर जमना भेटली. वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी, कडेवर धाकटा भाऊ. तिची आई भिकुबाई ओटीत कापूस वेचत होती. तिनं हात थांबवले नाहीत.

"बाई, जमना शाळामां गयी तर धाकलाले कोन संभाळी?"

हाच प्रश्न लिलाबाईंच्या घरातही होता. त्यांचंच तान्हं बाळ, मिलिंद, दीपनगरला त्यांच्या आईजवळ होतं. नवरा तिथल्या वीज केंद्रात कामाला. इथं भाड्याच्या खोलीत बाळाला बघायला कुणी नाही, आणि नोकरी सोडणं परवडणारं नव्हतं. शनिवारी शाळा सुटली की त्या जी एसटी मिळेल ती पकडायच्या आणि सोमवारी पहाटे बाळ झोपेत असतानाच निघायच्या.

"धाकल्यालाही घेऊन येऊ द्या तिला," त्या म्हणाल्या.

पोरी आल्या, कडेवर लेकरं घेऊन आल्या. कुणी पाटी चाटायचं, कुणी खडू खायचं, एक रडायला लागलं की बाकीची त्याला साथ द्यायची. पाढे कुणाला ऐकूच येईनात. झिपरूभाऊंचा मुलगा तिसरीत होता. ते एक दिवस दारात येऊन उभे राहिले.

"बाई, ही शाळा शे का पायनाघर?"

शाळेचं पाळणाघर झालं होतं खरं, त्यांचं काही चुकत नव्हतं. बाईंनी सगळ्या आईबापांना संध्याकाळी शाळेत बोलावलं. बाया शाळेत पाऊल टाकायला बिचकत होत्या. भिकुबाई तर चपला हातात धरून उंबऱ्यापाशीच थांबली.

"मला एकटीला हे जमत नाहीये," बाईंनी सरळ सांगून टाकलं. "पण पोरींना घरी बसा म्हणायला माझी जीभ रेटत नाही. काय करायचं ते तुम्हीच सांगा."

मग झिपरूभाऊंची म्हातारी आई, पार्वताअक्का, भिंतीला धरून उठली. तिला डोळ्यांनी कमी दिसायचं.

"वावरमां मना काही उपेग नही. मी बसस आठे ओटावर, धाकलास्ले लई. तू शिकाड."

आपली आई ओट्यावर बसून लेकरं सांभाळणार हे ऐकून झिपरूभाऊंनी मान खाली घातली. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तेच बैलगाडीत बल्ल्या आणि कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्या घालून हजर झाले. ओट्यापुढं मांडव उभा राहिला, जुन्या लुगड्यांच्या झोळ्या बांधल्या गेल्या. बायांनी आपसांत पाळी लावून घेतली. रोज एक जण वेचणीला उशिरा जायची आणि तोवर पार्वताअक्काच्या हाताखाली राहायची. आत पाढे, बाहेर अंगाई. पोरं दोन्ही ऐकून शिकली.

एका दुपारी जमनाचा भाऊ काही केल्या गप्प होईना. बाईंनी त्याला उचलून छातीशी धरलं. त्याच्या टाळूवर नाक टेकलं आणि तशाच उभ्या राहिल्या. अक्काला दिसत नसलं तरी समजलं.

"तुनं लेकरू कोठे शे वं, बाई?"

बाईंनी सांगितलं. अक्का झोळीची दोरी ओढत ऐकत राहिली.

"आमना बठ्ठा पोरेस्ले जागा शे, आन् तुनाच पोरले नही? लई ये त्याले."

पुढच्या सोमवारी बाई बाळाला घेऊन फाट्यावर उतरल्या तेव्हा झिपरूभाऊ गाडी जुंपून उभे होते. गाडीत गवताची गादी, तिच्यावर भिकुबाईनं शिवलेली गोधडी. भिकुबाई पुढं झाली, मिलिंदला हातात घेतलं आणि पदरानं त्याच्या तोंडावरची धूळ पुसली. बाई तिच्या शेजारी बसल्या. गाडी हलली.

जमना पुढं पाचवीला एरंडोलला जाऊ लागली. तिच्या मागं दर वर्षी दोनचार पोरी एसटीत चढत राहिल्या आणि कापसाच्या दिवसांत शाळेची एकही रांग ओस पडली नाही. लिलाबाईंची बदली झाली ती पुष्कळ वर्षांनी. निरोपाला बाया एवढ्या आल्या की ओटा पुरेना. आता त्यांच्यातली एकही दारात थांबली नाही.

मिलिंद बोलायला लागला तो निमखेड्याच्या बोलीत. सुट्टीत दीपनगरला आजी कौतुकानं विचारी, "अगं, ह्याला हे कुणी शिकवलं?"

"त्याच्या दुसऱ्या आजीनं," लिलाबाई सांगत, आणि पार्वताअक्काबद्दल पहिल्यापासून सगळं सांगायला बसत.