आलेखावरचा उंचवटा

जयवंता ताटातला भात नुसता चिवडत होती. आणि भगवंतराव सर हैदराबादेतल्या चिक्कडपल्लीच्या आपल्या घरात बायकोला, सत्यवतीबाईंना, ओरडून सांगत होते, "अहो, पोरीला अजून पप्पू वाढा, डाळ संपलीय तिची! नवा कण शोधलाय तिनं, थट्टा नाही!"

शोधलाय म्हणजे काय, तर युरोपातल्या भुयारात कणांच्या टकरी होतात, त्यांची माहिती जगभर वाटली जाते. त्यातला एक वाटा या गुरुशिष्येकडे. कोट्यवधी टकरींतून कामाच्या तेवढ्या चाळून घ्यायच्या आणि आलेखावर अनोळखी उंचवटा दिसतो का ते बघायचं. यंदा दिसला, आणि कालच त्याचं टिपण जगभरच्या साऱ्या गटाला गेलं. तेलंगण वेगळं होऊन दोन वर्षं झाली तरी विद्यापीठाच्या विभागात कोणाची नेमणूक इकडे, कोणाची आंध्रात, हेच गुऱ्हाळ चालू होतं. सर महिनाअखेर निवृत्त. तीस वर्षांत पदरात एकही शोध नाही, त्यामुळे म्हाताऱ्याला आनंद मावेना.

पण सरांचा नियम होता: चाळणीची भोकं, म्हणजे कुठल्या टकरी ठेवायच्या ते, आधी ठरवायची, कागदावर सही करायची, मगच माहिती उघडायची. नाहीतर माणूस हवं तेच चाळून काढतो. जयवंतानं आधी चोरून पाहिलं. उंचवटा पुसट होता, मोह झाला, तिनं चाळण जराशी बदलली आणि मग सही केली. जराशीच हो! पण कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहतं होय? वर्षभरात नवी माहिती येणार, तीत उंचवटा नसणार, आणि हसं सरांचं होणार.

"सर, मी आधी पाहिलं होतं," ती म्हणाली आणि रडत रडत सगळं सांगून मोकळी झाली.

सरांनी हात धुतले. तिच्या लॅपटॉपवर जुनी चाळण लावायला सांगितली. उंचवटा पार बसला. सत्यवतीबाईंनी पप्पूचं भांडं खाली ठेवलं.

"मी गटाला कळवते, सर. चूक एकटीची आहे."

"नक्को. टिपणावर पहिलं नाव माझं आहे. कौतुकाला पुढं होतो, आता तोंड लपवू? लिही, 'आम्ही आधी पाहिलं.' माझं नाव वर घाल."

"तुमची शेवटची संधी होती हो, सर!"

"हौ, होती. वाईट वाटतंय, फार वाटतंय." त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "पण कुणी विचारलं नसताना खरं सांगणारी पोरगी मी घडवली, हे काय कमी आहे? टाइप कर, बेटा. मला आत्ता अक्षर दिसत नाहीये."