पोळीचा डबा आणि पर्पल टर्निप

माझं डोकं फिरलंय असं माझी बायको शुभा चारचौघांत सांगते. सांगू दे! शहाण्णव साली अमेरिकेतल्या कॅरी गावात आमच्यासारखे कॉम्प्युटरवाले ढिगाने होते आणि शनिवारी सगळे इमानदारीत लॉन कापायचे. मी मात्र लोकांच्या अंगणात जुनं सामान विकायला मांडलेले यार्ड सेल पालथे घालायचो. शोधायचो काय, तर अडुसष्ट-एकोणसत्तर सालच्या शाळकरी पोरांच्या बँडच्या रेकॉर्डी. नाव कोणी ऐकलेलं नाही, बापाच्या गॅरेजमध्ये वाजवलेलं, दोनेकशे प्रती काढल्या की बँड खलास. मिक्सरमध्ये खिळे टाकल्यासारखी गिटार! अहाहा!

आणि नशीब बघा. आमचा शेजारी डेल, घरांचे इन्शुरन्स विकणारा टकल्या, सोळाव्या वर्षी ‘पर्पल टर्निप’ नावाच्या बँडमध्ये ड्रम बडवायचा. त्यांची एकच छोटी रेकॉर्ड निघाली. शेवटची प्रत डेलच्या कपाटात. तीन वर्षं मी मागत होतो.

“विकायची नाही, रवी.”

बरं, ऐकव तरी! तेही नाही. लाज वाटते म्हणे.

होळीला शुभाने त्याच्यासाठी पुरणपोळ्या डब्यात भरल्या आणि माझी ट्यूब पेटली. छोटी रेकॉर्ड सात इंच, पोळीचा डबा आठ इंच. डबा घेऊन मीच गेलो.

“डेल, आमच्यात डबा रिकामा परत करत नाहीत,” मी गंभीर चेहऱ्याने सांगितलं. “केला तर घरावर संकट येतं.”

संकटाची भर माझ्या पदरची. पण इन्शुरन्सवालाच तो, चांगलाच टरकला.

“मग काय घालू?”

“मनाजवळचं काहीही. गोल असलं तर फारच छान.”

डबा परत आला. आत केळ्याचा ब्रेड. पुन्हा पोळ्या पाठवल्या, टोमॅटो आले. तिसऱ्यांदा मासे पकडायचे गळ! शुभा भडकली, “मी काय पोळीभाजी केंद्र उघडलंय?” पाया पडून तिच्याकडून गूळपोळ्या करून घेतल्या.

चौथ्यांदा डबा हलका आला. झाकण काढलं आणि आत पर्पल टर्निप! मी स्वयंपाकघरात अक्षरशः नाचलो. मग लेबल बघितलं. त्यावर काळ्या मार्करने लिहिलं होतं, ‘शुभासाठी. तुझ्या पोळ्यांना तोड नाही. डेल.’

अरे गाढवा! लेबलवर मार्करने लिहितं का कोणी?

“माझं नाव आहे, म्हणजे रेकॉर्ड माझी,” शुभा म्हणाली.

“शुभा, प्लीज यार...”

“आणि डबा रिकामा जायचा नाही. संकट येतं ना? डेलने सांगितलं मला सगळं. त्याच्याकडची शेवटची होती ती. आता डबा तू भर.”

मी गुपचूप एक ओरखडे पडलेली, चुकून दोनदा विकत घेतलेली रेकॉर्ड काढली. तिने डब्यावर हातच ठेवला.

“मी त्याला कधी करपलेली पोळी पाठवली का रे?”

सणसणीत बसली. खरंच लाज वाटली मला. ओहायोत एका चर्चच्या तळघरात धुळीत लोळून मिळवलेली रेकॉर्ड होती माझ्याकडे, जीव की प्राण. ती काढली. डबा बंद करून पुन्हा दोनदा उघडून बघितला, खोटं कशाला बोलू?

तीन दिवस डेलच्या खिडकीतून तीच ऐकू येत होती, वर त्याने बडवलेली टेबलं. चौथ्या दिवशी डबा आला. चांगला जड होता. देव आहे, म्हटलं, आणि झाकण उघडलं.

केळ्याचा ब्रेड.

शुभा हसून हसून खाली बसली. मी एक तुकडा मोडून खाल्ला. चांगला होता, मेला.

आता पर्पल टर्निप ऐकायची तर शुभाला विचारावं लागतं. ती म्हणते, आधी पोळ्या लाट.