तू पळशील तेवढ्या फेऱ्या

बायजाबाईच्या थोरल्या नातवाचं, संघर्षचं, लग्न झालं ते दोन हजार तेवीस साल. लग्नाच्या धांदलीत त्याची धाकटी बहीण क्रांती मोबाइलवरच्या बंदुकीच्या खेळाला चिकटली, ती सुटेचना. पोरगी पोलीस भरतीची तयारी करत होती. आता उन्हं खिडकीत आली तरी अंथरुणातच, डोळे पडद्यावर.

आजीला, बायजाबाईला, वाटलं आळस आहे, जाईल. पण एका संध्याकाळी बुद्धवंदनेत क्रांती चौथ्या शीलापाशी अडखळली आणि पुन्हा तिसरंच म्हणू लागली. हिनेच म्हातारीला साठीत अक्षरं शिकवून पंचशील वाचायला लावलं होतं. वंदना संपताच बायजाबाईने तिला गाठलं.

"कधी संपतो गं तुझा खेळ?"

"आज्जी, हा संपत नसतो. टेन्शन नको घेऊ."

"मी साठीत अंगठा सोडला, तू विशीत धरलास!"

क्रांती हसली. बोटं काही थांबली नाहीत.

मोबाइल हिसकावून पाहिला, तर पोरीने अन्न सोडलं. मग बायजाबाईने नवऱ्याला पुढे केलं. दत्तूचं काळीज अधू. रबाळ्याच्या कारखान्यातून सुटल्यापासून जिना चढतानाही तो मध्ये टेकायचा. पण नातीचा जीव त्याच्यावर.

"तू पळशील तेवढ्या फेऱ्या मी चालीन," तो म्हणाला. "नाही आलीस तर एकटा जातो. पडलो तर पडलो."

क्रांती चरफडत उठली. पहिल्या दिवशी मैदानाच्या एका फेरीतच धापा टाकत खाली बसली.

"काय पोलीसबाई, चोर पोचला की महाप्याला!"

"आबा, गप बसा!"

दिवाळीपर्यंत तिचा दम वाढला. खेळ जेवणानंतरच्या घटकाभरावर आला. वंदना न अडखळता होऊ लागली, भरतीची गणितं तोंडी सुटू लागली. पण तिच्या फेऱ्या वाढल्या तशा दत्तूच्याही वाढल्या. परतताना त्याचे ओठ काळेनिळे दिसायचे.

"उद्यापासून बाकड्यावर बसा," बायजाबाई म्हणाली.

"मी बसलो की ती बसली. मग काय करशील?"

 क्रांतीला सांगावं, तर पोरगी पुन्हा अंथरूण धरेल. न सांगावं, तर हा माणूस हातचा जायचा. रोज पहाटे ती गॅलरीत उभी राहायची, दोघं परतताना दिसेपर्यंत चूलही पेटवायची नाही. शारीरिक चाचणी होऊ दे, मग थांबवते, असं ती मनाला समजवायची.

चाचणी व्हायच्या आधीच, त्या वर्षीच्या चौदा डिसेंबरला सकाळी, दत्तू मैदानात चालता चालता वारला.